गोचीड जनावरावर थोडे, गोठ्यात जास्त: घर, गोठा आणि अंगण कसं राखायचं?

शिरड शहापूर (ता. औंढा नागनाथ) : पाऊस उघडून ऊन पडलं की औंढा-वसमत पट्ट्यातल्या गोठ्यांत एकच तक्रार सुरू होते. औषध फवारलं, आठ-दहा दिवस बरं गेले आणि पुन्हा कानात, कासेला, शेपटीखाली गोचीड भरले. मग औषध बनावट निघालं म्हणून दुकान बदललं जातं, नाहीतर पुढच्या वेळी बाटलीतून दुप्पट ओतलं जातं. बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतोच. आपण फवारतो गाईवर आणि गोचीड असतो भिंतीत. हे एवढं गणित समजलं तर खर्चही वाचतो आणि घरातली माणसंही सुरक्षित राहतात.

गोचीड राहतो कुठे?

गाई-म्हशींवर नेहमी दिसणारा गोचीड अंड्यातून निघतो तेव्हा मोहरीच्या दाण्याहून बारीक असतो आणि त्याला सहाच पाय असतात. गवताच्या शेंड्यावर, गव्हाणीच्या कडेला तो वाट बघत बसतो आणि जनावर घासून गेलं की चिकटतो. पुढचे साधारण तीन आठवडे तो त्याच जनावरावर काढतो. तिथंच रक्त पितो, कात टाकतो, आठ पायांचा होतो, मोठा होतो. मादी रक्तानं टम्म फुगली की एरंडीच्या बीसारखी दिसते. (लॅटिन भाषेत गोचिडाला आणि एरंडाला ‘रिसिनस’ हा एकच शब्द आहे, तो याच सारखेपणामुळे.) मग ती आपोआप खाली गळून पडते आणि भिंतीची भेग, दगडाची सांद, शेणाचा ढीग, गव्हाणीखालचा अंधार अशी जागा शोधते. तिथं 2 ते 3 हजार अंडी घालते आणि मरते.

समजा आपल्या हातून फक्त 20 माद्या सुटल्या. त्यांची अंडी होतात 40 ते 60 हजार. पावसाळ्यातल्या उबदार, दमट हवेत ती तीन-चार आठवड्यांत फुटतात, आणि निघालेली पिल्लं काही न खाता दोन-तीन महिने जनावराची वाट बघू शकतात. जनावरावर डोळ्यांना दिसतात ते थोडे, बाकीची फौज गोठ्यात आणि अंगणात दडलेली असते. म्हणून एकदा फवारून काम संपत नाही.

आपल्याकडची घरं आणि माती गोचिडाच्या सोयीची आहे, हेही मान्य करावं लागेल. जुन्या माळवदाच्या घरांत दगड-मातीच्या भिंती, त्यांत बोट जाईल एवढ्या सांदी. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते. आखाड्यावर जनावरं एकाच बाभळीखाली वर्षानुवर्षं बांधलेली. उघड्यावरची पिल्लं मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात बरीचशी मरतात, पण सावलीत, शेणा-कचऱ्याखाली आणि भिंतीत ती टिकून राहतात. मृगाचा पाऊस पडला की तिथूनच सुरुवात होते.

दुसरा एक गोचीड ओळखून ठेवावा. त्याचे पाय लांब, त्यांवर फिकट पट्टे असतात आणि तो चपळ असतो. शास्त्रात त्याला हायलोमा म्हणतात. तो एकाच जनावरावर सगळं आयुष्य काढत नाही. रक्त पिऊन उतरतो, भिंतीत लपून कात टाकतो, पुन्हा दुसऱ्या जनावरावर चढतो. संकरित गाईंचा गोचीडताप पसरवतो तो हाच, आणि काँगो तापाचा विषाणूही हाच वाहतो. त्याच्या बाबतीत तर भिंतीकडे लक्ष देणं आणखी गरजेचं.

फवारणी कधी आणि कशी?

जनावर आणि गोठा दोन्ही एकाच दिवशी करायचं. हाच सगळ्यात महत्त्वाचा नियम. सकाळी गाय फवारली आणि ‘गोठा बघू रविवारी’ असं म्हटलं, तर तोपर्यंत भिंतीतले गोचीड पुन्हा तिच्यावर चढलेले असतात. पहिल्या फवारणीनंतर 15 ते 21 दिवसांनी दुसरी, पुन्हा तेवढ्याच दिवसांनी तिसरी. या तीन पाळ्यांत भिंतीतून नव्यानं चढलेले गोचीड मोठे होऊन अंडी घालण्याआधीच मरतात. आणि शेजाऱ्याच्या गोठ्यात तसेच राहिले तर आपली मेहनत अर्धी वाया जाते, कारण गायरानावर जनावरं एकत्रच चरतात. गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवला तर फरक लगेच दिसतो.

औषधं बाजारात अनेक आहेत: डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ, पाठीच्या कण्यावर ओतायचं फ्लुमेथ्रिन, इंजेक्शनमधलं आयव्हरमेक्टिन. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, ते बाटलीवर छापलेलं असतं आणि पशुवैद्यक सांगतात. अंदाजानं ओतायचं नाही. कमी पडलं तर गोचीड मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. जास्त पडलं तर जनावर लाळ गाळतं, थरथरतं, आडवं पडतं. एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की त्याचा गुण जातो, त्यामुळे गुण येईना तर प्रमाण वाढवण्यापेक्षा गट बदलावा आणि तो डॉक्टरांना विचारून बदलावा.

मोठ्या जनावराचं अंग नीट भिजायला तयार केलेलं किमान तीन-चार लिटर पाणी लागतं. अर्ध्या लिटरात पाठीवर शिंतोडे उडवून उपयोग नाही. गोचीड बसतो कानाच्या आत, पोळीखाली, काखेत, मांडीच्या सांध्यात, कासेवर आणि शेपटीच्या मुळाशी. तिथं पोचलं पाहिजे. केसांच्या उलट दिशेनं फवारावं, डोळे आणि तोंड सांभाळावं, कानात कापडाच्या बोळ्यानं लावावं. जखम असेल तिथं मारू नये. आधी जनावराला पोटभर पाणी पाजावं, म्हणजे अंग चाटण्याचं प्रमाण कमी होतं. गव्हाणीतली वैरण काढून ठेवावी. वेळ सकाळची किंवा दुपार कलल्यावरची. धार काढायच्या आधी कास स्वच्छ धुवावी. आयव्हरमेक्टिन दुधावरच्या जनावराला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊच नये, ते दुधात उतरतं. घोड्याला अमिट्राझ चालत नाही.

एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायला हवी. कापसावर, सोयाबीनवर मारायचं उरलेलं कीटकनाशक जनावरावर मारू नका. तणनाशकाचा पंपही नको, धुतलेला असला तरी नको. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, ते शेतात उघड्यावर फवारताना. गोठा तर बंद जागा. फवारणाऱ्यानं तोंडाला मास्क किंवा निदान जाड कापड, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, दार-खिडकी उघडी ठेवावी, मधेच तंबाखू मळू नये. लहान मुलं आणि गरोदर बाईला त्या दिवशी गोठ्यापासून लांब ठेवावं. काम झालं की साबणानं अंघोळ, कपडे वेगळे धुणं. डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन माशांना अतिशय घातक आहे. म्हणून पंप विहिरीवर, ओढ्यात किंवा कालव्यात धुवायचा नाही.

गोठ्यात भिंतीच्या भेगा, दावणीचे खुंटे, गव्हाणीच्या खालची बाजू आणि माणसाच्या उंचीपर्यंतची भिंत भिजवावी. पण फवारण्यापेक्षा टिकाऊ काम म्हणजे भेगा बुजवणं. सिमेंट परवडलं तर उत्तमच, नाहीतर भेगा लिंपून वर चुन्याचा जाड हात द्यावा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि दिवाळीच्या आसपास. काही ठिकाणी ज्योतीच्या बर्नरनं भिंती भाजतात. त्यानं अंडी मरतात हे खरं, पण शेजारी कडब्याची गंजी किंवा कुटार असेल तर हा नाद करू नये.

घरगुती औषध चालतं का?

चालतं, गोचीड थोडे असतील तेव्हा. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं (आणंद) पशुपालकांसाठी प्रसिद्ध केलेला एक पाठ आहे: लसणाच्या 10 पाकळ्या, मूठभर कडुलिंबाचा पाला, मूठभर निंबोळ्या, 10 ग्रॅम वेखंड, 20 ग्रॅम हळद, मूठभर घाणेरीचा म्हणजे टणटणीचा पाला आणि मूठभर तुळस. सगळं वाटून 1 लिटर पाण्यात कालवायचं, गाळायचं आणि कापडानं जनावराच्या अंगाला लावायचं. भिंतीच्या भेगांतही शिंपडायचं. आठवड्यातून एकदा, गोचीड जाईपर्यंत. वसमतच्या हळदीच्या मुलुखात आणि बांधावर घाणेरी माजलेली असताना या पाठाला खर्च जवळपास नाहीच. मात्र कान गोचिडानं गच्च भरलेत, जनावराला ताप आहे, डोळ्यांची आतली बाजू पांढरी पडली आहे, अशा वेळी पाला वाटत बसण्यात अर्थ नाही. घाणेरीचा पाला जनावराच्या खाण्यात जाऊ देऊ नका, पोटात गेला तर तो विषारी आहे.

डिझेल, रॉकेल, जळकं ऑइल अंगाला चोपडण्याची जुनी सवय मात्र सोडावी. कातडी भाजते, जनावर चाटतं आणि गोचीड तेवढ्यापुरतेच गळतात.

जनावराला काय होतं?

रक्तानं भरेपर्यंत एक मादी साधारण अर्धा ते एक मिलि रक्त पिते. रोज अशा 100 माद्या भरून गळत असतील तर महिन्याला दीड ते तीन लिटर रक्त गेलं. सरकी-पेंड आपण गाईला घालतो आणि वाढतो गोचीड, असा हा प्रकार. पण रक्त जाण्याहून मोठं नुकसान तापाचं.

संकरित होल्स्टिन किंवा जर्सी गाय असेल तर थायलेरियाचा ताप, म्हणजे गोचीडताप, लक्षात ठेवावा. ताप 104 ते 106 अंशांवर जातो, खांद्यापुढची गाठ सुजून हाताला लागते, दूध एकदम आटतं, धाप लागते, पुढे अंगातलं रक्त कमी होतं. दुसरा बॅबेसियाचा, त्यात लघवी कॉफीच्या किंवा काळ्या चहाच्या रंगाची होते. दोन्हींवर औषध आहे, पण ते वेगवेगळं आहे. नुसतं तापाचं इंजेक्शन देऊन दिवस काढले तर गाय हातची जाते. रक्ताची तपासणी करून घ्यावी. परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला लांब नाही. थायलेरियाची लसही मिळते, संकरित वासरांना दोन महिन्यांच्या वयानंतर देता येते. ती द्रव नत्रात ठेवावी लागत असल्यानं एकट्या-दुकट्यासाठी आणणं अवघड पडतं. गावातल्या दहा-पंधरा वासरांची यादी करून दवाखान्यात बोललं तर काम सोपं होतं.

लालकंधारी, देवणी या आपल्या गाई गोचीड आणि गोचीडताप संकरितांपेक्षा बऱ्याच चांगल्या सोसतात. पण तोटा असा की गावरान जनावर ठणठणीत दिसतं आणि त्याच्या अंगावरचे गोचीड शेजारच्या जर्सीला ताप देऊन जातात. दोन्ही एकाच दावणीला असतील तर ‘गावरानला काय होतंय’ म्हणून तिला फवारणीतून सोडू नये. बाजारातून आणलेलं नवं जनावर आल्या दिवशीच आपल्या दावणीला बांधू नये. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवावं, आधी गोचीड काढावेत. आणि पोळ्याला खांदमळणी करताना बैलाच्या सगळ्या अंगावरून हात फिरतोच, त्या वेळी पोळी आणि शेपटीखालची जागाही बघून घ्यावी. पावसाळ्याच्या मधोमध येणारी ही तपासणी नेमक्या वेळेची असते.

कुत्रं, मांजर, कोंबड्या

कुत्र्याचा तपकिरी गोचीड हा वेगळा. तो घरातही राहू शकतो. पलंगामागं, चौकटीच्या फटीत, भिंतीवर वर चढताना दिसतो. कानात, बोटांच्या मधे, गळपट्ट्याखाली रोज हात फिरवून बघावं. कुत्रं खाईना, ताप, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, अशी लक्षणं असतील तर तो गोचिडामुळं होणारा एर्लिकिया किंवा बॅबेसिया असू शकतो. लवकर नेलं तर औषधानं बरं होतं. महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या गोळ्या मिळतात, महाग आहेत पण गुणकारी आहेत. कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला कडक पाण्यात धुवावं.

मांजरावर कुत्र्याचं किंवा गाईचं औषध कधीच लावू नये. परमेथ्रिनच्या गटातल्या औषधानं मांजर मरतं. खुराड्यात दिवसा काहीच दिसत नाही आणि कोंबड्या सुकत जातात, तेव्हा रात्री बॅटरी घेऊन फटी बघाव्यात. कोंबड्यांचा चपटा गोचीड रात्री रक्त पितो आणि उजाडायच्या आत फटीत जातो. दिवसा गोठ्यात मोकळ्या सोडलेल्या कोंबड्या गळलेले गोचीड टिपून खातात हे खरं. मात्र फवारणी झाल्यावर त्यांना तिकडे सोडू नये.

अंगण

इथं औषधापेक्षा खराटा उपयोगी. गोठ्याभोवती आणि घराभोवती निदान तीन-चार फूट पट्टा गवत काढून उघडा ठेवावा, ऊन लागू द्यावं. उकिरडा गोठ्याला लागून नको. लाकूडफाटा, विटांचा ढीग, जुनी पत्र्याची डबडी भिंतीला टेकवून ठेवू नयेत, तिथं उंदीर येतात आणि उंदरांबरोबर गोचिडाची पिल्लंही. मुलांचं खेळणं आणि जनावरांची बसायची जागा वेगळी असावी. पोरांना बाज टाकून गोठ्यात झोपवण्याची सवय पावसाळ्यात तरी मोडावी.

माणसाला चिकटला तर?

गोचीड नखानं उपटायचा आणि दगडावर ठेवून चिरडायचा, हे आपल्याकडं सर्रास चालतं. सगळ्यात धोक्याचं हेच आहे. त्याच्या पोटातलं रक्त हाताच्या चिरेतून, डोळ्यातून शरीरात जाऊ शकतं. जनावराचे गोचीड काढताना हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला गुंडाळावी आणि काढलेले गोचीड साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकावेत. चिरडायचे नाहीत, पायाखाली रगडायचे नाहीत. हे काम मुलांना सांगू नये.

अंगाला चिकटलेला दिसला तर बिडीचा चटका, रॉकेल, चुना काही लावू नका. त्रास दिला की तो तोंडातली लाळ जास्त सोडतो. बारीक टोकाच्या चिमट्यानं कातडीला अगदी लागून धरावा आणि न पिळता सरळ, सावकाश ओढावा. जागा साबणानं धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर ती तारीख डॉक्टरांच्या कामाची असते.

गोचिडाच्या टायफसमध्ये तेज ताप, डोकेदुखी येते आणि तळहात-तळपायांवरही लाल पुरळ दिसू शकतं. नावं सारखी असली तरी हा ‘टायफॉईड’ नव्हे आणि टायफॉईडच्या नेहमीच्या औषधानं उतरतही नाही. डॉक्सिसायक्लिन हे त्यावरचं औषध स्वस्त आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं, फक्त डॉक्टरांच्या मनात ती शंका आली पाहिजे. म्हणून तपासताना आपणहून सांगावं: घरी जनावरं आहेत, गोचीड काढले होते. 2018 मध्ये नागपूरसह विदर्भात गाजलेला स्क्रब टायफस गोचिडाचा नव्हता, तो गवतातल्या चिगर नावाच्या त्याहून बारीक किड्याच्या पिल्लाचा. चावल्या जागी काळी खपली धरते. औषध मात्र तेच.

काँगो तापाची भारतातली पहिली खात्रीलायक नोंद जानेवारी 2011 मध्ये गुजरातेत झाली, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंदजवळच्या कोलट गावात. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं केलं. त्या रुग्ण महिलेवर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावले. 2020 च्या सप्टेंबरमध्ये गुजरातलगतच्या पालघर जिल्ह्यात प्रशासनानं पशुपालकांना आणि मांस विक्रेत्यांना सावध केलं होतं. या रोगात जनावर आजारी दिसत नाही. माणसाला मात्र अचानक ताप, अंगदुखी, उलट्या होतात, पुढे हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साथीत 100 पैकी 40 पर्यंत रुग्ण दगावू शकतात. असा रुग्ण घरी ठेवायचा नाही, 108 ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात न्यायचा, आणि त्याच्या रक्ताला उघडा हात लागू द्यायचा नाही. शेळी-बोकड कापणाऱ्यांनीही हातमोजे घालावेत. सिंधुदुर्गात दोडामार्ग, सावंतवाडी भागात 2016 पासून गाजलेला माकडताप हाही गोचिडाचाच, पण तो घनदाट जंगलातला, माकडांशी जोडलेला. आपल्या माळरानाशी त्याचा तसा संबंध नाही.

जनावर आजारी असेल आणि दवाखान्यात नेणं जमत नसेल तर पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना जनावराचा ताप, लघवीचा रंग, गाभण आहे की दुधावर, आणि शेवटचं कोणतं औषध कधी फवारलं ते सांगावं. रिकामी बाटली डॉक्टर येईपर्यंत फेकू नये, त्यांना दाखवावी. नंतर मात्र ती भोक पाडून पुरून टाकावी. धुऊन तेला-दुधाला वापरायला घेऊ नये.